मेडिकल कॉलेजमध्ये नवीन आहात? नोटिसा, बातम्या आणि कार्यक्रमांचा माग असा ठेवा

पहिल्या आठवड्यातच तुम्हाला चार-सहा व्हॉट्सॲप ग्रुपांमध्ये घेतलं जाईल. बॅचचा ग्रुप, हॉस्टेलचा, मेसचा, डिसेक्शन टेबलाचा, शिवाय जिल्ह्यातल्या मुलामुलींचा वेगळा. सगळीकडे दिवसभर काहीतरी येत राहतं, आणि नेमकी कामाची नोटीस त्यात वाहून जाते. शिष्यवृत्तीच्या अर्जाची मुदत संपल्यावर कळतं, किंवा ज्या चर्चेला खरंच बसायचं होतं ती काल होऊन गेलेली असते.

हा लेख महाराष्ट्रातल्या सरकारी किंवा महापालिकेच्या मेडिकल कॉलेजात एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आलेल्यांसाठी आहे. मोठ्या कार्यक्रमांची बातमी तुमच्यापर्यंत आपोआप येते, तिच्यासाठी धडपडायची गरज नाही. लहान कार्यक्रम मात्र शोधावे लागतात, आणि माझ्या मते कॉलेजात येण्याचा खरा फायदा तिथेच मिळतो. म्हणून खाली त्यांच्यावर जरा जास्त लिहिलं आहे.

१. आधी बोर्ड कुठे कुठे आहेत ते पाहून या

कॉलेजात नोटीस बोर्ड एकच नसतो. फी, कागदपत्रं, शिष्यवृत्ती आणि परीक्षा अर्जांच्या नोटिसा स्टुडंट सेक्शनबाहेर लागतात. हॉस्टेलच्या नोटिसा रेक्टरकडे लागतात. लायब्ररीच्या दारावर वाचनकक्षाच्या वेळा आणि व्याख्यानांची पत्रकं असतात. आणि प्रत्येक डिपार्टमेंटचा स्वतःचा बोर्ड असतो, तो सगळ्यात महत्त्वाचा. पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री हे तीन बोर्ड येता-जाता पाहायचेच. चौथा कम्युनिटी मेडिसिनचा, ज्याला सगळे अजून पीएसएमच (प्रिव्हेन्टिव्ह अँड सोशल मेडिसिन) म्हणतात. कुटुंब दत्तक कार्यक्रम (विद्यार्थ्यांना गावातली कुटुंबं नेमून देतात आणि त्यांना भेटत राहायचं असतं) आता पहिल्या वर्षापासून असतो. गावाला जाणारी बस किती वाजता सुटणार आणि कोणत्या रोल नंबरांनी कोणाकडे जायचं, हे तिथे कळतं. बस चुकली तर त्या दिवसाची भेट बुडते, आणि तुमची वाट पाहणारं कुटुंब ताटकळतं ते वेगळंच.

नोटीस वाचायची एक रीत आहे. मजकुराआधी वरचा जावक क्रमांक आणि तारीख पाहा, मग खाली सही कोणाची आहे ते पाहा, मग कोणत्या वर्षासाठी आणि कोणत्या बॅचसाठी आहे ते. शंभर ते अडीचशे मुलांच्या वर्गात लेक्चर सगळ्यांना एकत्र असलं तरी प्रॅक्टिकल बॅचेसमध्ये होतात, त्यामुळे ‘उद्या प्रॅक्टिकल नाही’ हे अर्ध्याच वर्गाला लागू असू शकतं. ग्रुपवर आलेल्या नोटिशीच्या फोटोत वरची तारीख कापली गेली असेल, तर ती गेल्या वर्षीची समजून चाला. सुट्टीची अशी ‘नोटीस’ दर दिवाळीला फिरते.

२. माणसं ओळखून ठेवा

सी.आर. म्हणजे वर्गप्रतिनिधी हा बातमीचा पहिला माणूस, पण त्याच्यावर सगळं टाकू नका. तोही तुमच्यासारखाच झोपतो आणि विसरतो. त्याच्यापेक्षा भरवशाचे दोन जण आहेत. एक, स्टुडंट सेक्शनचे क्लार्क. त्यांच्याशी पहिल्या दिवसापासून नीट नमस्कार-चमत्कार ठेवा, कारण कोणता अर्ज कधी येणार हे त्यांना परिपत्रकाच्या आधी ठाऊक असतं. दुसरे, डिपार्टमेंटचे शिपाई मामा. सेमिनार हॉल उद्या कोणी मागितला आहे, पाहुणे कुठून येणार आहेत, चहा किती कप सांगितला आहे, सगळं त्यांच्याकडे असतं.

जुन्या कॉलेजांत सिनिअर्सची साखळी असते. मुंबईचं ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालचं, परळचं सेठ जी. एस. १९२६ चं, आणि गोवा मेडिकल कॉलेजची मुळं तर १८४२ च्या पोर्तुगीज काळातल्या वैद्यकीय शाळेत आहेत. अशा ठिकाणी ‘दर बुधवारी दुपारी तिकडे काय असतं’ हे कोणी ना कोणी सांगतंच. पण ९ ऑक्टोबर २०२४ ला राज्यात एकदम दहा सरकारी मेडिकल कॉलेजं सुरू झाली: मुंबई, नाशिक, जालना, अमरावती, गडचिरोली, बुलडाणा, वाशिम, भंडारा, हिंगोली आणि अंबरनाथ. तिथे सिनिअर बॅचेस मोजक्या, काही परंपरा अजून पडायच्याच आहेत. तुम्ही अशा कॉलेजात असाल तर सिनिअर्सची वाट न पाहता थेट असिस्टंट प्रोफेसरांना विचारा. त्यातले बरेच जण जुन्या कॉलेजांतून शिकून आलेले असतात. तिथे काय काय होत असे हे ते आवडीने सांगतात, आणि दोन मुलांनी मागे लागलं तर इथे सुरूही करतात.

३. चुकल्या तर महागात पडणाऱ्या तारखा वेगळ्या कागदावर

कार्यक्रमांची मजा नंतर. आधी चार गोष्टी कागदावर लिहून पलंगाशेजारी चिकटवा.

परीक्षेला बसायला थिअरीत किमान ७५ टक्के आणि प्रॅक्टिकलमध्ये ८० टक्के हजेरी लागते. डिपार्टमेंट ठरावीक काळाने हजेरीची यादी लावतं. ती लागली की त्याच दिवशी आपला आकडा तपासा. चूक असेल तर आठवड्याच्या आत दुरुस्त होते, सहा महिन्यांनी कोणी ऐकत नाही.

तुमच्या परीक्षा नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेतं, ते १९९८ साली स्थापन झालं. त्याची परिपत्रकं विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आधी येतात आणि कॉलेजच्या बोर्डावर नंतर. आठवड्यातून एकदा तिथे नजर टाका. परीक्षा अर्जाला साधी मुदत, मग विलंब शुल्काची, मग अतिविलंब शुल्काची अशा पायऱ्या असतात, आणि पुढची प्रत्येक पायरी खिशाला जड जाते. प्रवेशानंतर पात्रता तपासणीसाठी मूळ कागदपत्रं मागतात. जात वैधता प्रमाणपत्र बाकी असेल तर त्याचा पाठपुरावा आजच सुरू करा.

चौथी गोष्ट महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्त्यांचं पोर्टल. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती असो की डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अर्ज त्याच पोर्टलवर भरायचा. आधार बँक खात्याशी जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात, आणि ते जोडायला बँकेत जावं लागतं, म्हणजे लेक्चर बुडणार. तेव्हा ते प्रवेशाच्या धावपळीतच उरकून घ्या. दर वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, हे अनेकांना दुसऱ्या वर्षी कळतं.

४. फाउंडेशन कोर्सला टिवल्याबावल्या करू नका

सुरुवातीचे काही दिवस फाउंडेशन कोर्सचे असतात. त्याला परीक्षा नाही म्हणून बरेच जण मागच्या बाकावर मोबाईल काढून बसतात. पण प्रथमोपचार, सीपीआर, हात धुण्याच्या पायऱ्या, कोणत्या रंगाच्या पिशवीत कोणता जैववैद्यकीय कचरा टाकायचा, हे सगळं इथेच दाखवतात, आणि पुढे वॉर्डात कोणी पुन्हा शिकवायला बसत नाही. बाहेरच्या राज्यांतून आलेल्यांसाठी मराठीचे तासही यातच असतात. ज्यांना मराठी येतं त्यांनी त्या तासांना शेजारच्या मित्राला मदत करावी. पुढे ओपीडीत ‘पोटात कळ येते’ आणि ‘पोट गच्च झालंय’ यांतला फरक त्याला तुम्हीच सांगणार आहात.

याच सुमारास ॲनाटॉमीत देहदात्यांना अभिवादन आणि शपथ होते. बऱ्याच ठिकाणी व्हाइट कोट समारंभ होतो, महर्षी चरक शपथ घेतली जाते आणि पालकांना बोलावतात. आई-बाबा गावाहून येणार असतील तर तारीख बोर्डावर लागल्याशिवाय तिकिटं काढू नका. प्रमुख पाहुण्यांच्या सोयीने ती हमखास सरकते.

५. लहान कार्यक्रम कसे शोधायचे आणि तिथे कसं बसायचं

आता मुख्य गोष्ट. प्रत्येक मोठ्या हॉस्पिटलात दर आठवड्याला किंवा महिन्याला ठरलेल्या बैठका असतात: सीपीसी (तिच्याबद्दल खाली), ग्रँड राउंड (वरिष्ठांसमोर रुग्णांवर चर्चा), जर्नल क्लब (नव्या शोधनिबंधांवर चर्चा), मृत्यू आढावा बैठक, एखाद्या युनिटचा केस प्रेझेंटेशनचा वार. यांची जाहिरात होत नाही. मेडिसिन किंवा पॅथॉलॉजीच्या सेमिनार हॉलच्या दारावर एक साधा कागद असतो, तेवढाच.

सीपीसी म्हणजे क्लिनिकोपॅथॉलॉजिकल कॉन्फरन्स. तिचा खेळ असा: एका रुग्णाची पूर्ण हकीकत, तपासण्या, उपचार, सगळं सांगितलं जातं. ज्यांनी तो रुग्ण कधी पाहिलेला नाही असे एक वरिष्ठ डॉक्टर उभे राहून मोठ्याने विचार करतात. हे असेल का, मग ताप का नव्हता, ते असेल तर यकृताचं काय. शेवटी पॅथॉलॉजीचे सर किंवा मॅडम शवविच्छेदनाचे किंवा बायोप्सीचे निष्कर्ष उघड करतात. कधी पाहुण्या डॉक्टरांचं निदान बरोबर निघतं, कधी साफ चुकतं. पंचवीस वर्षं रुग्ण पाहिलेला माणूस भर सभेत ‘मी चुकलो’ म्हणतो आणि का चुकलो तेही सांगतो. हे तुम्हाला कोणत्याही क्लासच्या व्हिडिओत दिसणार नाही.

पहिल्या वर्षाला त्यातलं निम्म्याहून अधिक डोक्यावरून जाणार. जाऊ द्या. वहीत न कळलेले तीनच शब्द लिहा, जास्त नको, आणि रात्री ते पाहा. शेवटच्या नाही पण मधल्या रांगेत बसा. मोबाईल बॅगेत. प्रश्न विचारायची घाई करू नका. रेसिडेंट, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेणारे डॉक्टर, विचारतात ते ऐका. चर्चा संपल्यावर एखादा रेसिडेंट हसतमुख दिसला तर त्याला विचारा, ‘सर, ते शेवटी सोडियमचं काय म्हणाले?’ चोवीस तास ड्युटी करून आलेला असला तरी तो पाच मिनिटं समजावून सांगतो. कोणाला तरी आपलं ज्ञान दाखवायची संधी त्यालाही क्वचितच मिळते.

मृत्यू आढावा बैठकीला मात्र न विचारता जाऊ नका. ती अंतर्गत असते, आणि तिथे ऐकलेलं बाहेर न्यायचं नसतं. विभागप्रमुखांनी हो म्हटलं तरच.

आणखी एक न जाहीर होणारी जागा म्हणजे डिपार्टमेंटची म्युझियम्स. पॅथॉलॉजीचं आणि ॲनाटॉमीचं म्युझियम कोणत्या वेळेत उघडं असतं ते विचारून घ्या. परीक्षेच्या आदल्या महिन्यात तिथे झुंबड उडते, सुरुवातीला तुम्ही एकटे असता.

६. दिनविशेषांचं पंचांग

मेडिकल कॉलेजातले निम्मे कार्यक्रम ठरलेल्या दिवसांना बांधलेले असतात, त्यामुळे वर्षाचा अंदाज आधीच येतो. प्रवेश साधारण पावसाळ्याच्या उत्तरार्धात होतात. तुम्ही आलात की १५ ऑक्टोबर हा जागतिक ॲनाटॉमी दिवस, म्हणजे आधुनिक शरीररचनाशास्त्राचा पाया घालणाऱ्या व्हेसालिअसचा स्मृतिदिन. अनेक ठिकाणी त्या दिवशी पोस्टर आणि मॉडेल स्पर्धा घेतात. नवख्यांनी पहिली हजेरी लावायला ही उत्तम जागा, कारण विषय तुम्हाला नुकताच सुरू झालेला असतो. मग १४ नोव्हेंबर मधुमेह दिन, १८ ते २४ नोव्हेंबर प्रतिजैविकांच्या जबाबदार वापराचा सप्ताह, १ डिसेंबर एड्स दिन. पुढे २४ मार्च क्षयरोग दिन (१८८२ साली याच तारखेला जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं), ७ एप्रिल आरोग्य दिन, १४ जून रक्तदाता दिन, १ जुलै डॉक्टर्स डे, ऑगस्टचा पहिला आठवडा स्तनपान सप्ताह आणि त्यातच ३ ऑगस्टला अवयवदान दिन.

या दिवशी रॅली निघते, ओपीडीत पथनाट्य होतं, रांगोळी आणि पोस्टर स्पर्धा असतात. रांगोळी स्पर्धेला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मला विचाराल तर रॅलीपेक्षा पथनाट्य निवडा. ओपीडीच्या रांगेत कंटाळलेल्या माणसांना क्षयाची औषधं सहा महिने का घ्यायची हे त्यांच्या भाषेत सांगून दाखवणं अवघड आहे, आणि तेच पुढे रोज करायचं आहे.

रक्तदान शिबिराची एक सूचना. रक्तदात्याला १८ वर्षं पूर्ण लागतात, वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५. पहिल्या वर्षातले काही जण सतराच वर्षांचे असतात. त्यांनी हिरमुसू नये. नोंदणीच्या टेबलावर, चहा-बिस्किटांपाशी आणि चक्कर आलेल्या सिनिअरचे पाय वर धरायला माणसं कमीच पडतात.

७. सीएमई, परिषदा आणि संशोधन

बॅनरवर ‘एमएमसीचे क्रेडिट पॉइंट’ असं लिहिलेलं दिसेल. ते तुमच्यासाठी नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेल्या डॉक्टरांना पाच वर्षांत ठरावीक पॉइंट जमवावे लागतात, त्यांच्यासाठी ती सोय आहे. पण सीएमई, म्हणजे डॉक्टरांसाठीचा ज्ञान अद्ययावत करण्याचा कार्यक्रम, आपल्याच कॉलेजात असेल तर आयोजक मॅडमना आदल्या दिवशी विचारा, ‘मागे उभं राहून ऐकलं तर चालेल का?’ बहुधा चालतं. जेवणाच्या कुपनाची अपेक्षा मात्र ठेवू नका.

विद्यार्थ्यांच्या परिषदांचं वेड दुसऱ्या वर्षी लागतं. नाव नोंदवण्याआधी तीन गोष्टी पाहा: आयोजक कोण आहे, एखादं कॉलेज, डिपार्टमेंट किंवा मान्यताप्राप्त संघटना की नुसती चकचकीत नावाची कंपनी, ॲबस्ट्रॅक्ट (शोधनिबंधाचा गोषवारा) खरंच कोणी तपासतं का, की पैसे भरले की लगेच ‘निवड झाली’, आणि जाण्यायेण्याच्या दिवसांची रजा कॉलेज मान्य करणार का. तिसऱ्याचं उत्तर लेखी घ्या. तोंडी ‘हो हो, जा’ हे हजेरीच्या यादीत उतरत नाही.

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) एसटीएस, म्हणजे विद्यार्थ्यांसाठीची अल्पकालीन संशोधन शिष्यवृत्ती, १९७९ पासून चालू आहे. एखाद्या शिक्षकांच्या मार्गदर्शनाखाली दोन महिन्यांचा छोटा प्रकल्प करायचा असतो. जाहिरात निघाल्यावर धावाधाव करणारे मागे पडतात, कारण प्रकल्पाला संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि ती कमिटी रोज बसत नाही. पहिल्या वर्षी एवढंच करा: कोणत्या शिक्षकांनी आधी मुलांकडून असे प्रकल्प करून घेतलेत ते शोधा, आणि कमिटीच्या बैठकांची वेळ विचारून ठेवा.

८. गॅदरिंग, नाटक, मैदान

डिसेंबर ते फेब्रुवारी हा गॅदरिंगचा मोसम. समित्यांची नावं त्याआधी बोर्डावर लागतात आणि पहिल्या वर्षाच्या वाट्याला हमखास खुर्च्या लावणं येतं. लावा. त्यातूनच पुढच्या वर्षीची समिती ठरते. जुन्या कॉलेजांत याच दिवसांत पंचवीस वर्षांपूर्वीच्या बॅचेसची संमेलनंही भरतात. त्या काका-मावश्यांशी बोलायची लाज बाळगू नका, त्यांना नवीन मुलांशी बोलायचंच असतं.

नाटकाचं वेड असेल तर पुण्याच्या बी. जे. मेडिकलचं उदाहरण समोर ठेवा. डॉ. श्रीराम लागू, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे हे तिघेही तिथलेच. १९६३ पासून चालू असलेल्या पुरुषोत्तम करंडक या आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धेची प्राथमिक फेरी पुण्यात पावसाळ्यात होते. म्हणजे तुम्ही दाखल होता तेव्हा तालमी संपत आलेल्या असतात आणि भूमिका मिळणार नाही. बॅकस्टेजला जा, प्रॉम्प्टिंग करा. विद्यापीठ पातळीवर निवड झाली तर पुढे राज्याच्या आंतरविद्यापीठ स्पर्धा आहेत: कलेसाठी इंद्रधनुष्य, खेळांसाठी अश्वमेध, संशोधनासाठी आविष्कार. त्यांच्या निवड चाचणीची सूचना अगदी दोन-चार दिवस आधी येते, म्हणून जिमखान्याच्या सरांकडे आपलं नाव आधीच देऊन ठेवा.

९. कोणत्या निमंत्रणाला नाही म्हणायचं

ज्या ‘कार्यक्रमा’ची नोटीस नाही, वेळ रात्री उशिराची आहे, जागा हॉस्टेलची आहे आणि फक्त ज्युनिअर्सनीच यायचं आहे, तो कॉलेजचा कार्यक्रम नाही. ‘इंट्रो’ असं गोड नाव दिलं तरी नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे. राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास. मोबाईलमध्ये आत्ताच सेव्ह करा.

निमंत्रण नव्हे, पण गैरसमज करून देणारी एक बातमी म्हणजे संप. मार्डचा, म्हणजे रेसिडेंट डॉक्टरांचा संप झाला की ओपीडी अडखळते आणि वरच्या वर्षांच्या पोस्टिंग्ज विस्कटतात. पहिल्या वर्षाची लेक्चर्स मात्र सहसा चालूच राहतात. बॅग भरून गावाला निघण्यापूर्वी डिपार्टमेंटला विचारा.

१०. स्वतः कार्यक्रम करायचा झाला तर

तारीख ठरवण्याआधी विद्यापीठाचं परीक्षा वेळापत्रक आणि डिपार्टमेंटच्या इंटर्नल परीक्षा पाहा. मग अर्ज: विषय, तारीख, वेळ, किती मुलं, कोणता हॉल, कोण पाहुणे. तो डिपार्टमेंटच्या शिक्षकांच्या सहीने विद्यार्थी मंडळाच्या प्रभारींकडे आणि तिथून अधिष्ठाता (डीन) कार्यालयात जातो. दोन प्रती काढा. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेऊन ती स्वतःजवळ ठेवा, म्हणजे ‘अर्जच आला नाही’ असं कोणी म्हणू शकणार नाही. हॉलसाठी वेगळं पत्र लागतं, माइक आणि जनरेटरसाठी इलेक्ट्रिशियनना वेगळं सांगावं लागतं, आणि रविवार असेल तर चावी कोणाकडे हे शनिवारी दुपारपूर्वी विचारावं लागतं.

फोटोंसाठी एकाच माणसाला नेमा. रुग्णाचा चेहरा, केसपेपर, बेडवरचं नाव यांतलं काही फोटोत येता कामा नये, आणि डिसेक्शन हॉलमध्ये तर कॅमेरा काढायचाच नाही. शिबिरात एखादे आजोबा हौसेने फोटोला उभे राहिले तरी तो कॉलेजच्या पानावर टाकण्याआधी त्यांची लेखी संमती लागते. कार्यक्रम झाल्यावर दोन दिवसांत उपस्थितांच्या सह्यांचा कागद, चार फोटो आणि अर्ध्या पानाचा अहवाल डिपार्टमेंटला द्या. वार्षिक अहवालासाठी तो त्यांना हवाच असतो, आणि पुढच्या वेळी हॉल मागायला गेलात की क्लार्क आधी तीच फाइल काढतात.